परागाचा मृत्यू आणि बियाण्याची कुळी

राजूर म्हटले की मराठवाड्यात आधी गणपती आठवतो. अंगारकीला जालना, छत्रपती संभाजीनगर, बुलढाणा अशा सगळ्या बाजूंनी माणसे पायी चालत येतात आणि भोकरदनचा रस्ता रात्रभर जागा असतो. त्याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना आता शेडनेटही दिसू लागतात. कुठे मिरची, कुठे टोमॅटो, कुठे काकडी, आणि यातले बरेचसे पीक खाण्यासाठी नसून बियाण्यासाठी असते. जालना जिल्ह्याला बियाण्यांची राजधानी म्हणतात ते उगाच नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको या बियाणे कंपनीची स्थापना केली. पुढे आणखी कंपन्या आल्या आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी नर-मादी ओळी लावायचे तंत्र हातात बसवून घेतले. १९९८ साली बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तेव्हा या जिल्ह्याचे नाव जगापुढे गेले.

या साऱ्या धंद्याचा मोठा भाग एका सूक्ष्म मृत्यूवर उभा आहे. तो फुलाच्या परागकोषात होतो, ठरलेल्या वेळेच्या आधी होतो आणि तो घडवून आणणारे प्रथिन मायटोकाँड्रियातून येते. शाळेच्या पुस्तकात आपण ज्याला तंतुकणिका म्हणून शिकलो, पेशीचे ऊर्जाघर म्हणून ज्याचे चित्र काढले, तेच हे अंगक. या मृत्यूबद्दल बियाणे विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला काहीच सांगितले जात नाही, आणि ते सांगितले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. पण ते म्हणणे पटायचे तर आधी पेशी मरते कशी, हे नीट पाहावे लागेल.

पेशीचे मरण मुख्यतः दोन प्रकारचे असते. भाजले, चिरडले, विष लागले तर पेशी फुटते, आतला माल बाहेर सांडतो आणि आसपास सूज येते. दुसऱ्या प्रकारात पेशी स्वतःच आवरते घेते. ती आक्रसते, तिचा डीएनए ठरावीक मापाच्या तुकड्यांत कापला जातो, तिच्या लहान-लहान पुड्या होतात आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. कुठेही सूज नाही, व्रण नाही. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अलास्टेर करी या तिघांनी १९७२ साली या मरणाला वेगळे ठरवून अपोप्टोसिस हे नाव दिले. बेडकाच्या पिल्लाची शेपटी अशीच जाते. आईच्या पोटात आपल्या बोटांमधला पडदा असाच विरतो. एका लहानशा गोलकृमीच्या वाढीत १०९० कायिक पेशी जन्मतात आणि त्यांतल्या नेमक्या १३१ मरतात. दर वेळी त्याच, आणि त्याच वेळी. हे मोजणाऱ्या जॉन सल्स्टन यांना, मरणाची जनुके शोधणाऱ्या रॉबर्ट हॉर्विट्झ यांना आणि या कृमीवरचे काम सुरू करणाऱ्या सिडनी ब्रेनर यांना २००२ चे नोबेल मिळाले.

आधी बहुतेकांचा समज होता की मरणाचा हुकूम केंद्रकातून सुटत असणार, कारण जनुके तिथे आहेत. १९९६ साली अमेरिकेत शियाओडाँग वांग यांच्या प्रयोगशाळेने हा समज मोडला. पेशींचा अर्क घेऊन त्यात मरणाची प्रक्रिया सुरू करायला कोणकोणते घटक लागतात, हे ते एकेक करून वेगळे काढत होते. एक घटक शुद्ध केला, त्याचा वर्णपट पाहिला, आणि निघाले सायटोक्रोम सी. हे प्रथिन कुणाला नवे नव्हते. १९२० च्या दशकापासून जीवरसायनशास्त्रज्ञ त्याला ओळखत होते. मायटोकाँड्रियाच्या दोन पापुद्र्यांमधल्या जागेत राहून इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवायचे, म्हणजे श्वसनाच्या साखळीतला एक दुवा व्हायचे, एवढेच त्याचे काम मानले जाई. तेच प्रथिन बाहेरचा पापुद्रा ओलांडून पेशीद्रव्यात उतरले की पेशी मरायला लागते, हे पहिल्यांदा कळले.

पुढच्या काही वर्षांत सगळी साखळी उलगडत गेली. बाहेर पडलेले सायटोक्रोम सी अपाफ-१ नावाच्या प्रथिनाला चिकटते, असे सात अपाफ एकत्र येऊन चक्रासारखी रचना बनते, त्या चक्रावर कॅस्पेझ-९ हे कापणारे प्रथिन जागे होते, ते कॅस्पेझ-३ ला जागे करते, आणि मग पेशीची शेकडो प्रथिने कापली जातात. बाहेरच्या पापुद्र्याला भोके पाडणारी प्रथिने म्हणजे बॅक्स आणि बॅक. त्यांना आवरून धरणारे बीसीएल-२. हे बीसीएल-२ सापडले ते एका लसिका कर्करोगात. १९८८ साली मेलबर्नमध्ये डेव्हिड वॉ, सुझॅन कोरी आणि जेरी अॅडम्स यांनी दाखवले की ते पेशींना वाढवत नाही, मरू देत नाही. मरायला हवी ती पेशी मरत नाही, हाही कर्करोगाचा एक मार्ग आहे, हे तेव्हा उमगले. २०१६ पासून वापरात असलेले व्हेनेटोक्लॅक्स हे औषध बीसीएल-२ लाच निष्प्रभ करते आणि रक्ताच्या काही कर्करोगांतल्या पेशींना त्यांचे अडवून ठेवलेले मरण परत देते.

श्वास आणि मरण एकाच अंगकाच्या हाती का, याचे उत्तर त्याच्या जन्मात आहे. मायटोकाँड्रिया मुळात स्वतंत्र जिवाणू होते. दीड अब्जाहून जास्त वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीने ते आत घेतले आणि मग ते आतच राहिले. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली हे ठासून मांडले तेव्हा थट्टा झाली, आज ते पाठ्यपुस्तकात आहे. त्या जुन्या स्वतंत्रपणाच्या खुणा अजून शिल्लक आहेत. मायटोकाँड्रियाचा स्वतःचा डीएनए असतो. माणसात तो अगदी आटलेला आहे, ३७ जनुकांचा. वनस्पतींत मात्र तो खूप मोठा, सैल आणि स्वतःची मोडतोड करून पुन्हा जुळवणी करणारा असतो. आणि जवळजवळ सगळ्या पिकांत तो फक्त आईकडून मिळतो. परागातून येणारे मायटोकाँड्रिया पुढच्या पिढीत जात नाहीत.

या शेवटच्या वाक्यावर जालन्याच्या बियाणे उद्योगाचा मोठा भाग टेकला आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. परागात गेलेल्या मायटोकाँड्रियाला पुढे वाट नाही. तेव्हा मायटोकाँड्रियाच्या डीएनएमध्ये असा काही बदल झाला की ज्याने परागच मरावा, तर त्या मायटोकाँड्रियाचे काहीच बिघडत नाही. उलट झाडाची ताकद परागाऐवजी बियांत गेली तर त्याचा फायदाच होतो. नुकसान होते ते केंद्रकाचे, कारण केंद्रकातली जनुके आई-बाप दोघांकडून पुढे जातात. म्हणून निसर्गात वारंवार हा झगडा दिसतो. मायटोकाँड्रियात नरवंध्यता आणणारे जनुक तयार होते आणि केंद्रकात त्याला दाबणारे जनुक. तुळशीच्या कुळातल्या थाइम या रानटी झुडपात काही झाडे नुसती मादी असतात, हे डार्विनने १८७७ साली नोंदवून ठेवले होते. कारण कळायला पुढे शंभर वर्षे लागली.

आता परागकोषात उतरू. पराग ज्या पिशवीत तयार होतात तिच्या आतल्या बाजूला एक थर असतो, त्याला टॅपीटम म्हणतात. हा थर परागांची दाई आहे. वाढत्या परागांना तो साखर पुरवतो, त्यांच्या भिंतीसाठी सामान पुरवतो, आणि काम झाले की स्वतः मरतो. त्याचे हे मरणही नियोजितच असते आणि त्याची वेळ काटेकोर ठरलेली असते. या थराला ऊर्जा फार लागते. मक्याच्या टॅपीटममध्ये परागांच्या वाढीच्या काळात मायटोकाँड्रियांची संख्या सुमारे चाळीस पट होते, असे वॉर्म्के आणि ली यांनी १९७८ साली मोजले होते. म्हणजे झाडात मायटोकाँड्रियावर सगळ्यात मोठा ताण इथे येतो. तिथे जर एखादे उपटसुंभ प्रथिन मायटोकाँड्रियाच्या पापुद्र्यात घुसून बसले असेल, तर पानात आणि मुळात त्याने काही बिघडत नाही, टॅपीटममध्ये मात्र सगळे कोसळते.

सूर्यफुलात हे फार स्वच्छ दिसले. १९६९ साली फ्रान्समध्ये पॅट्रिस लेक्लर्क यांनी एका रानटी जातीशी संकर करून नरवंध्य सूर्यफूल मिळवले. जगातल्या संकरित सूर्यफुलांचा बहुतेक सगळा डोलारा आजही त्याच पेशीद्रव्यावर, म्हणजे त्याच मायटोकाँड्रियांच्या कुळीवर आहे. लातूर-धाराशिवकडच्या शेतकऱ्यांनी एके काळी जे सूर्यफूल भरभरून घेतले, त्यातले संकरित वाणही याला अपवाद नव्हते. या नरवंध्य सूर्यफुलाच्या मायटोकाँड्रियात एक जोडतोड जनुक आहे. त्याचा सुरुवातीचा भाग एका कामाच्या जनुकातून उचललेला आणि पुढचा भाग भलताच. २००१ साली यानेके बाल्क आणि क्रिस्टोफर लीव्हर यांनी ऑक्सफर्डमध्ये दाखवले की या फुलांच्या टॅपीटममध्ये पेशी आक्रसण्याच्याही आधी सायटोक्रोम सी मायटोकाँड्रियातून बाहेर पडू लागते, मग डीएनएचे तुकडे होतात, टॅपीटम अवेळी मरतो आणि पराग उपाशी राहतात. वनस्पतींत कॅस्पेझ नाहीत, बॅक्स नाही, बीसीएल-२ नाही. तरीही माणसाच्या पेशीत मरणाचे जे पहिले पाऊल, तेच इथे दिसले. मला या विषयातली ही सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वाटते.

भातात तर दोषी प्रथिन नावानिशी पकडले गेले. १९७० साली चीनच्या हाइनान बेटावर भात-पैदासकार युआन लाँगपिंग यांचे सहकारी ली बीहू यांना एक नरवंध्य रानभात सापडला. त्याच्यावर चीनचा संकरित भात उभा राहिला, आणि आपल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून १९९८ साली आलेला ‘सह्याद्री’ हा संकरित भातही त्याच कुळीचा. २०१३ साली चिनी संशोधकांनी दाखवले की या भाताच्या मायटोकाँड्रियातले डब्ल्यूए३५२ हे प्रथिन कॉक्स-११ नावाच्या कामाच्या प्रथिनाला धरून बसते. त्यामुळे पेशीत पेरॉक्साइड वाढते आणि टॅपीटम वेळेआधी मरतो.

हा मृत्यू डोळ्यांनी पाहता येतो, आणि त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. ज्वारीच्या मादी ओळीतल्या कणसातला एक परागकोष काचेवर चिरडायचा, त्यावर पोटॅशियम आयोडाइडमधल्या आयोडीनचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. नराच्या ओळीतला पराग असेल तर स्टार्चमुळे एकेक कण गर्द निळा-काळा आणि टपोरा दिसतो. मादीच्या ओळीत नुसती पिवळट, सुरकुतलेली टरफले. परागकोष नख लावून सोलला तरी त्यातून भुकटी पडत नाही. बीजोत्पादनाच्या प्लॉटवर तपासणीला येणारा माणूस याच फरकावर मादीच्या ओळीत भेसळ आहे की नाही ते ठरवतो. पिवळ्या पराग-भुकटीचे एखादे कणीस मादीच्या ओळीत दिसले तर ते लगेच उपटले जाते.

पैदासकारांनी या मृत्यूचा उपयोग कसा केला, ते थोडक्यात असे. तीन ओळी लागतात. पहिली नरवंध्य मादी. दुसरी तिचीच जुळी, पण निरोगी मायटोकाँड्रियाची, जिच्या परागाने मादीचा वंश चालू ठेवायचा. तिसरी नर ओळ, जिच्या केंद्रकात मरणाचा हुकूम दाबणारे जनुक असते. पहिली आणि तिसरी यांचा संकर म्हणजे शेतकऱ्याला मिळणारे संकरित बियाणे. ही दाबणारी जनुके बहुतेक वेळा अशी प्रथिने तयार करतात, जी मायटोकाँड्रियात शिरून दोषी जनुकाचा संदेश कापून टाकतात. त्यामुळे शेतकऱ्याच्या शेतात पराग जगतो, कणीस भरते. पण दोषी जनुक कुठे गेलेले नसते. ते प्रत्येक ताटात, प्रत्येक पानात असते, फक्त गप्प बसवलेले.

ज्वारीचा हा मार्ग स्टीफन्स आणि हॉलंड यांनी अमेरिकेत १९५४ साली मोकळा केला. ‘मिलो’ या पेशीद्रव्याची नरवंध्यता त्यांना सापडली. दहा वर्षांत, १९६४ साली, सीएसएच-१ हा आपला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. वसंतराव नाईकांच्या सरकारने तो गावोगाव पोहोचवला. महाराष्ट्रात नुसते ‘हायब्रीड’ म्हटले की आजही ज्वारीच समजतात, इतका तो पचनी पडला. बाजरीचे तसेच. जॉर्जियातल्या टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी टिफ्ट २३ए ही नरवंध्य ओळ दिली, आणि १९६५ साली लुधियान्यात अठवाल यांनी तिच्यापासून एचबी-१ काढला. भूक भागवण्यात या वाणांचा वाटा किती मोठा होता, हे मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. मी हे सगळे ज्या प्रश्नासाठी मांडतो आहे तो संकरित बियाण्याच्या विरोधातला प्रश्न नाही, हे इथेच स्पष्ट करतो. नरवंध्य बियाण्याच्या पिकाची भाजी-भाकरी खाल्ली तर माणसात वंध्यत्व येते, अशी भीती अधूनमधून कानावर येते. तिला काही आधार नाही. पोटात गेलेले मायटोकाँड्रिया इतर अन्नासारखे पचतात, ते आपल्या पेशींत शिरत नाहीत.

खरा प्रश्न वेगळा आहे. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येत असल्यामुळे, एका मादी ओळीपासून काढलेल्या सगळ्या संकरित वाणांचे मायटोकाँड्रिया एकच असतात. नर बदलला, नाव बदलले, पिशवीचा रंग बदलला, तरी पेशीद्रव्य तेच. आणि त्यात बसलेले ते मरण घडवणारे प्रथिनही तेच.

याचा धोका अमेरिकेने १९७० साली भोगला. त्या वर्षी तिथल्या मक्याच्या बियाण्यातले सुमारे ८५ टक्के बियाणे ‘टेक्सास’ या एकाच नरवंध्य पेशीद्रव्याचे होते. करप्याच्या बुरशीचा एक नवा प्रकार आला आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत गेला. देशाच्या मक्याचे साधारण १५ टक्के पीक गेले, नुकसान सुमारे एक अब्ज डॉलर. कारण पुढे स्पष्ट झाले. टेक्सास मक्याच्या मायटोकाँड्रियात यूआरएफ-१३ नावाचे छोटे प्रथिन होते. त्याचे जनुक १९८६ साली ड्यूई, लेव्हिंग्ज आणि टिमथी यांनी ओळखले. हेच प्रथिन नरवंध्यतेशी बांधलेले, आणि या बुरशीचे विष नेमके त्यालाच चिकटते. चिकटले की ते मायटोकाँड्रियाच्या आतल्या पापुद्र्यात भोक बनते, ऊर्जा गळून जाते आणि पानातली पेशी मरते. परागकोषात उपयोगाला आलेले मरण पानात पसरले. विशेष म्हणजे टेक्सास पेशीद्रव्याचा मका या रोगाला जास्त बळी पडतो, हे फिलिपिन्समधल्या मर्काडो आणि लांटिकान यांनी १९६१ सालीच लिहून ठेवले होते. नऊ वर्षे हा इशारा छापील होता. ज्याचे पीक जाणार होते त्या शेतकऱ्याला आपल्या शेतातला मका टेक्सास कुळीचा आहे, एवढेही ठाऊक नव्हते.

अमेरिकेला परतायला वाट होती. मक्याचा तुरा वर असतो, कणीस खाली. त्यांनी मादीच्या ओळीतले तुरे पुन्हा हाताने खुडायला सुरुवात केली आणि टेक्सास सोडून दिले. ज्वारी-बाजरीला ती वाट नाही. तिथे एकेका कणसात हजारो फुले, प्रत्येक फुलात नर-मादी एकत्र, आणि फूल गव्हाच्या दाण्याहूनही लहान. एकराच्या प्लॉटवर ते हाताने खुडणे अशक्य आहे. म्हणजे ज्वारी आणि बाजरीचे संकरित बियाणे पूर्णपणे मायटोकाँड्रियाच्या नरवंध्यतेवर अवलंबून आहे. ज्वारीत जवळजवळ सगळे व्यापारी संकरित वाण मिलो पेशीद्रव्याचे आहेत. बाजरीत ते मुख्यतः टिफ्टच्या ए-१ पेशीद्रव्याचे. साठ वर्षे झाली, कुळी तीच आहे.

बाजरीत आपल्यालाही एक दणका बसला. १९७०-७१ साली देशात बाजरीचे विक्रमी, ८० लाख टनांच्या आसपास उत्पादन झाले आणि लगोलग संकरित बाजरीवर गोसावी रोग तुटून पडला. कणसाच्या जागी पानांचे झुबके आले. उत्पादन धाडकन खाली आले, त्यात दुष्काळाचीही भर पडली. इथे मला प्रामाणिक राहिले पाहिजे. बराच काळ या रोगाचा दोष टिफ्टच्या पेशीद्रव्याला दिला गेला. पण नंतर केंद्रक सारखे आणि पेशीद्रव्य वेगळे अशा ओळी शेजारी शेजारी लावून तुलना केली, तेव्हा दोघींना रोग सारखाच झाला. दोष त्या मादी ओळीच्या केंद्रकातला होता. म्हणजे बाजरीचे प्रकरण मक्यासारखे नव्हते. तरी त्याने माझा मुद्दा ढिला होत नाही, कारण सारा देश एकाच आईच्या लेकरांवर अवलंबून असला की आईचा कुठलाही दोष, मग तो केंद्रकातला असो की मायटोकाँड्रियातला, सगळ्या शिवारात एकदम उमटतो. ज्वारीत तर पेशीद्रव्याचा परिणाम दिसलाही आहे. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या अभ्यासांत मिलोच्या नरवंध्य ओळींना खोडमाशी त्यांच्या जुळ्या ओळींपेक्षा जास्त लागते, असे आढळले. रब्बीच्या थंड रात्रींत मिलोच्या संकरित वाणांत मरणाचा हुकूम नीट दाबला जात नाही, परागच धरत नाही आणि कणसात दाणे भरत नाहीत. मराठवाड्यात रब्बीला मालदांडी ज्वारीच का टिकून राहिली, याच्या कारणांत हेही एक आहे.

आणि मालदांडीतच एक पर्याय दडलेला आहे. मालदांडीपासून मिळालेले वेगळे नरवंध्य पेशीद्रव्य शास्त्रज्ञांकडे आहे. त्यात खोडमाशीचा त्रास मिलोपेक्षा कमी दिसला. अडचण एवढीच की त्याचा हुकूम दाबणारी जनुके दुर्मीळ आहेत, म्हणून नर ओळी मिळत नाहीत. बाजरीतही वेन हॅना यांनी रानबाजरीतून ए-४ आणि इक्रिसॅटच्या के. एन. राय यांनी ए-५ ही पेशीद्रव्ये दिली आहेत. त्यांवर नर ओळी उभ्या करायला वेळ आणि पैसा लागतो. तो खर्च कंपनी आपणहून का करेल? शेतकऱ्याला फरकच माहीत नसेल तर बाजारात त्या विविधतेला किंमत येणार नाही.

मिरचीची गोष्ट आपल्याला आणखी जवळची आहे. भोकरदन तालुका मिरचीचा, पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार सगळ्यांना माहीत आहे. मिरचीतली पेशीद्रव्यीय नरवंध्यता पीटरसन यांनी १९५८ साली अमेरिकेत नोंदवली. ती ज्या झाडात सापडली ते पीआय १६४८३५ या क्रमांकाचे बियाणे भारतातून गेलेले होते. जगातल्या संकरित मिरचीत वापरली जाणारी नरवंध्यता बहुतांशी त्या एकाच भारतीय मिरचीतून आली. २००७ साली कोरियातल्या संशोधकांनी तिच्या मायटोकाँड्रियातले दोषी जनुकही शोधून काढले. आपल्याच कुठल्यातरी शिवारातल्या आईची कुळी अमेरिकेत गेली, कोरियात गेली आणि काही संकरित मिरच्यांच्या पिशवीतून परत आपल्याकडे येते, आणि ती पिशवी फोडणाऱ्याला त्यातले काही कळत नाही.

पिशवीवर काय असते? पीक, वाणाचे नाव, लॉट नंबर, उगवणशक्ती, शुद्धता, तपासणीची तारीख, लावलेल्या औषधाचे नाव. १९६६ च्या बियाणे कायद्याने आणि १९६८ च्या नियमांनी एवढेच मागितले. ते तेव्हा योग्य होते, कारण मायटोकाँड्रियातले दोषी जनुक तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. आज माहीत आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ खाली वाणाची नोंदणी करताना जनक ओळींची माहिती द्यावीच लागते. म्हणजे नोंदणी झालेल्या वाणांची कुळी सरकारदरबारी आहे, फक्त शेतकऱ्यापर्यंत येत नाही. आणि नोंदणी न करता विकल्या जाणाऱ्या वाणांची तर तिथेही नाही.

यावर कंपन्यांचे म्हणणे मी समजू शकतो. जनक ओळी ही त्यांची मिळकत आहे, वीस-वीस वर्षांची मेहनत आहे, ती उघड करा म्हणणे अन्यायाचे होईल. पण मी ओळी उघड करा म्हणतच नाही. कोणते पेशीद्रव्य, एवढीच एक ओळ मागतो. ज्वारी असेल तर ‘मिलो’, बाजरी असेल तर ‘ए-१’ किंवा ‘ए-४’, मिरची असेल तर पेशीद्रव्यीय की हाताने खुडलेली. त्यातून कुणाच्या मादी ओळीचे गुपित बाहेर पडत नाही. आणि खरे तर हे गुपित राहूच शकत नाही. संकरित झाडाच्या प्रत्येक पानात आईचे मायटोकाँड्रिया असतात, म्हणून साधी पीसीआर तपासणी करणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेला एका पानावरून ते सांगता येते. स्पर्धक कंपनीला ते आजही कळते. कळत नाही ते फक्त पैसे देऊन पिशवी घेणाऱ्याला.

दुसरा आक्षेप असा येईल की शेतकरी हे वाचून काय करणार. मला हा आक्षेप अपमानाचा वाटतो. राजूरच्या परिसरातला शेतकरी नर-मादी ओळींचे अंतर, विलगीकरण, भेसळ काढणे, परागाची वेळ हे सगळे हाताने करतो. शेडनेटमध्ये दिवसभर फुले खुडणाऱ्या बायांना कळीचे वय बोटांना कळते. जो माणूस संकरित बियाणे तयार करू शकतो, त्याला दोन वाणांची कुळी एक आहे की वेगळी, हे समजणार नाही असे कसे म्हणता येईल? त्या एका ओळीवरून तो ठरवू शकेल की दहा एकर ज्वारी सगळी एकाच पेशीद्रव्याची लावायची की नाही. तालुका कृषी अधिकारी ठरवू शकेल की तालुक्यात किती क्षेत्र एका कुळीखाली आहे. बदनापूरच्या संशोधन केंद्रातल्या आणि परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या पैदासकारांना कळेल की कुठल्या पर्यायी पेशीद्रव्यावर काम नेटाने पुढे न्यायचे.

नव्या बियाणे विधेयकाचे मसुदे येतात आणि जातात. २००४ साली राज्यसभेत आलेले विधेयक पुढे सरकले नाही, २०१९ ला पुन्हा मसुदा आला. पुढचा मसुदा ज्या खासदाराच्या हाती जाईल त्याने त्यात ही एक ओळ टाकून घ्यावी, आणि तोवर महाराष्ट्राच्या कृषी विभागाने संकरित ज्वारी, बाजरी आणि मिरची विकणाऱ्या कंपन्यांकडून पेशीद्रव्याची माहिती मागवून ती तालुकानिहाय प्रसिद्ध करावी. येत्या खरिपाआधी कृषी सेवा केंद्रात पिशवी हातात घ्याल तेव्हा दुकानदाराला विचारा, या बियाण्याचे पेशीद्रव्य कोणते. त्याला सांगता आले नाही तर कंपनीला विचारा आणि उत्तर लेखी मागा. कायदा बदलेपर्यंत हे आपल्यालाच करावे लागेल.